उलट बोलायचा तास

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'पर्यावरण आणि इंग्रजीचे अध्यापन' असा छापला आहे. तो वाचून ज्यांना वाटलं असेल की आता तासभर ओझोनच्या थराबद्दल ऐकावं लागणार, त्यांनी निर्धास्त असावं. चहा साडेचारला आहे हे मलाही ठाऊक आहे. मी सांगणार आहे ते इतकंच, की इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना आम्ही वर्गात वाद घालायला लावतो, तो वाद टेप करतो आणि मग ती टेप त्यांची त्यांनाच ऐकवतो. 'टेप' हा शब्द जुन्या सवयीचा. मी शिकवायला लागले तेव्हा खरोखरच कॅसेट होती, आणि ती अडकली की पेन्सिल घालून गुंडाळावी लागे. आता काडेपेटीएवढा रेकॉर्डर टेबलाच्या मधोमध ठेवला की झालं. पण ज्यांनी जन्मात कॅसेट पाहिली नाही ती माझी मुलंही 'टेप'च म्हणतात.

ही मुलं कोण? मी न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कुलात ईएसएल शिकवते, म्हणजे ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी. वर्गात होन्डुरास, एक्वादोर, हैती, इजिप्त, गुजरात अशी सगळी दुनिया असते, आणि बहुतेक वर्षी एखादं मराठी मूलही असतं. हे वर्ग शाळा उपकार म्हणून चालवत नाहीत. १९७४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'लाउ विरुद्ध निकल्स' या खटल्यात एकमताने निकाल दिला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे १,८०० चिनी मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यासाठी त्यांना वेगळी मदतही मिळत नव्हती. सगळ्यांना तेच पुस्तक, तोच शिक्षक, तोच अभ्यासक्रम दिला म्हणून ती समान वागणूक होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. आमचे वर्ग त्या पायावर उभे आहेत.

आपल्या लोकांचा या वर्गाशी संबंध येतो तो बहुधा नाराजीने. मुलाचं नाव शाळेत घालताना एक फॉर्म भरावा लागतो, घरी कोणती भाषा बोलता म्हणून. तिथे प्रामाणिकपणे 'मराठी' लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होऊ शकते, आणि त्यात तो कमी पडला की ईएसएल. मग फोन येतो, "अहो, आमचा मुलगा पुण्यात पहिलीपासून इंग्लिश मीडियममध्ये होता!" किराणा दुकानाच्या रांगेत एकमेकांना सल्लेही दिले जातात, 'तिथे इंग्लिशच लिही, नाहीतर पोराला मागे टाकतील.' मला हा सल्ला पटत नाही. फॉर्मवर खोटं लिहून मूल त्या वर्गातून सुटतं, पण त्याला लागणारी मदतही त्याबरोबर सुटते.

आणि मदत लागते ती कशासाठी? जिम कमिन्स नावाचे कॅनडातले अभ्यासक आहेत. त्यांनी १९७९ साली एक भेद मांडला. रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासात विचार मांडायची भाषा वेगळी. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागू शकतात. अमेरिकन माणसाला हा भेद समजावून सांगताना मला घाम फुटतो, पण तुम्हाला एका वाक्यात कळेल. तुमच्या इथे वाढलेल्या मुलांचं मराठी आठवा. 'आई, भूक लागली', 'आजी कधी येणार', हे सगळं फाडफाड. आणि त्याच मुलापुढे वर्तमानपत्रातला अग्रलेख ठेवा! इंग्रजीच्या बाबतीत आमच्या वर्गातल्या मुलांची तीच गत असते. कॅफेटेरियात ती मजेत बोलतात, विज्ञानाच्या तासाला मुकी होतात. आणि मुक्या मुलाला शाळेत फार लवकर 'मठ्ठ' हे लेबल लागतं. तोंडाने कोणी म्हणत नाही, पण पुढच्या वर्षी कुठल्या वर्गात बसवायचं हे ठरताना ते बरोबर आपलं काम करतं.

मग ही दुसरी भाषा यायची कशी? नुसतं ऐकून, वाचून येते का? टोरांटोच्या मेरिल स्वेन यांनी कॅनडातल्या इंग्रजी मुलांचा अभ्यास केला. ही मुलं वर्षानुवर्षं बरेच विषय फ्रेंचमधून शिकत होती. त्यांना फ्रेंच समजायचं छान, पण बोलताना अडखळत, चुका तशाच राहिलेल्या. १९८५ साली स्वेन यांनी म्हटलं की कानावर पडणं पुरेसं नाही, बोलायची वेळ यायला हवी. आपल्याला जे म्हणायचं आहे ते म्हणता येत नाही हे बोलताना कळतं, आणि शिकणं तिथून सुरू होतं. गंमत अशी की वर्षातून एकदा आमच्या मुलांची जी सरकारी चाचणी होते, तिच्यात बोलण्याची परीक्षा असते ती कॉम्प्युटरपुढे हेडफोन लावून. मूल एकटं बोलतं, यंत्र ऐकतं. उलट कोणी काही विचारत नाही.

आपण लहानपणी जे करायचो त्यात तरी काय वेगळं होतं म्हणा. वक्तृत्व स्पर्धा आठवा. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' अशी सुरुवात, विषय 'विज्ञान – शाप की वरदान', भाषण बाईंनी किंवा बाबांनी लिहिलेलं, कुठे हात वर करायचा तेही ठरलेलं. वादविवाद स्पर्धेतसुद्धा समोरचा काय बोलला याच्याशी आपला काही संबंध नसे. आपलं पाठ केलेलं म्हणून मोकळं व्हायचं. धीटपणा आला, हे खरं. पण वाद कुठे झाला?

आपल्या न्यायशास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य समजून घेण्यासाठी चर्चा करणं तो वाद, जिंकण्यासाठी बोलणं तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडत बसायची ती वितंडा. मंडळाच्या वार्षिक सभेत आपल्याला तिन्ही पाहायला मिळतात. (हशा) मला वर्गात पहिला हवा असतो, म्हणून एक नियम केला आहे. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. तो 'यस, दॅट्स व्हॉट आय सेड' म्हणाला तरच पुढे बोलायचं. आपल्याकडचा पूर्वपक्षच हा. मुलांना यात काय संस्कृत आहे ते मी सांगत नाही, पण या एका नियमाने ती ऐकायला लागतात. न ऐकून सांगणार कशाचं?

आता पर्यावरणच का? एक कारण अगदी कोरडं. न्यू जर्सीच्या शिक्षण मंडळाने जून २०२० मध्ये हवामानबदल हा विषय शालेय अभ्यासक्रमाच्या निकषांत आणला आणि सप्टेंबर २०२२ पासून तो लागू झाला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. म्हणजे मुलांना ते शब्द विज्ञानाच्या तासाला लागणारच असतात. पण माझं खरं कारण वेगळं आहे. शेक्सपिअरवर माझ्या मुलांना काही मत नसतं. पुरावर, पाण्यावर, कचऱ्यावर असतं. नोव्हेंबर २०२० मध्ये एटा आणि आयोटा अशी दोन वादळं पंधरा दिवसांच्या आत मध्य अमेरिकेवर आदळली, होन्डुरासची मुलं ते स्वतः पाहून आलेली. १ सप्टेंबर २०२१च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस न्यू जर्सीत पडला तेव्हा तळघरात राहणारी कुटुंबं आमच्याच वर्गातली. असं मूल तोंड उघडतं तेव्हा भाषा अपुरी असली तरी म्हणायचं भरपूर असतं. आणि या विषयांत एका बाजूला सगळं शहाणपण आणि दुसऱ्या बाजूला सगळा मूर्खपणा असं नसतं, त्यामुळे दोन्ही बाजू प्रामाणिकपणे लढवता येतात.

आमचा सगळ्यांत आवडता विषय पिशवी. ४ मे २०२२ पासून न्यू जर्सीत दुकानांतून एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या. मोठ्या किराणा दुकानांत, म्हणजे २,५०० चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या, कागदीसुद्धा बंद. त्यानंतर काय झालं ते तुमच्या गॅरेजमध्ये जाऊन बघा. घरपोच किराणा मागवला की दर वेळी चारसहा नव्या जाड पिशव्या. म्हणून आमचा प्रस्ताव असतो, 'हा कायदा बदलावा.' चार-चार मुलांचे गट, दोघं इकडे, दोघं तिकडे, बारा मिनिटं, मधे रेकॉर्डर. आधी दोन दिवस वाचन. त्यात ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २०११चा एक अहवाल असतो. एकदाच वापरलेल्या साध्या प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करायला, तापमानवाढीच्या हिशेबात, कागदी पिशवी ३ वेळा, आपण 'रियुजेबल' म्हणतो ती जाड न विणलेली पिशवी ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असं त्यात आहे. हा १३१ आकडा मुलांना भलताच आवडतो. पण तो आकडा फक्त तापमानवाढीचा आहे, समुद्रात गेलेल्या प्लास्टिकचा त्यात हिशेब नाही, हेही कोणीतरी शोधून काढतं आणि मग खरी मजा येते.

गेल्या वर्षी या वादात आमच्याकडे कोल्हापूरकडची एक मुलगी होती. नववीत, येऊन चार महिने झालेले. लिहायला द्या, वर्गात सर्वांत शुद्ध इंग्रजी तिचं. बोलायला मात्र शून्य. ती कायद्याच्या बाजूने होती. पहिली दोन मिनिटं ती अस्खलित बोलली. 'प्लास्टिक इज अ कर्स टू मदर अर्थ' वगैरे. आपण ओळखतो ते, निबंधातलं. समोर एक्वादोरचा मुलगा होता, संध्याकाळी एका दुकानात पार्किंगमधल्या गाड्या गोळा करण्याचं काम करणारा. त्याने नियमाप्रमाणे तिचं म्हणणं सांगितलं, 'यू से प्लास्टिक इज बॅड', आणि विचारलं, 'द न्यू बॅग, हाऊ मेनी टाइम्स यू यूज?'

टेपवर यानंतर अकरा सेकंद काही नाही. खुर्ची करकरल्याचा आवाज तेवढा आहे.

मग ती म्हणते, 'अ‍ॅट माय होम... देअर इज वन बॅग. फुल ऑफ बॅग्ज.' आणि सगळा गट हसतो, कारण पिशव्यांनी भरलेली पिशवी इजिप्तच्या घरातही असते आणि एक्वादोरच्याही. हसण्याने तिला धीर आला. पुढे तिने तुटक तुटक सांगितलं, की गावाकडे आजी दुधाची पिशवीसुद्धा धुऊन दोरीवर वाळत घालते. २३ जून २०१८ पासून महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी अमलात आली तेव्हा ही लहान होती, भाजीवाल्याकडे पिशवी मागितली तर तो घाबरायचा हे तिला आठवत होतं, आणि दुधाच्या पिशव्या मात्र बंदीतून वगळलेल्या होत्या हेही. शेवटी ती म्हणाली, 'सो प्रॉब्लेम इज नॉट बॅग. प्रॉब्लेम इज वुई आर थ्रोइंग.' वादाच्या दृष्टीने तिने आपल्याच बाजूवर कुऱ्हाड घातली होती. एक्वादोरच्या मुलाने लगेच 'थँक यू' म्हटलं, तेही टेपवर आहे.

आता टेपचं आम्ही काय करतो ते सांगते, कारण नुसतं रेकॉर्ड करून ठेवलं तर त्याचा उपयोग लग्नाच्या व्हिडिओइतकाच. दुसऱ्या दिवशी सगळे आपापली टेप ऐकतात. पहिल्यांदा ऐकताना पेन्सिल खाली. नंतर प्रत्येकाने स्वतःच्या बोलण्यातलं एक मिनिट निवडायचं आणि जसंच्या तसं उतरवायचं. अडखळणं, 'अं... अं', अर्धवट सोडलेलं वाक्य, सगळं. एक मिनिट उतरवायला पाऊण तास लागतो, आणि त्या पाऊण तासात मूल स्वतःचे शब्द वीस-पंचवीस वेळा ऐकतं. मग त्याच कागदावर वेगळ्या रंगाने स्वतःच दुरुस्ती करायची. मी त्यानंतर हात लावते. बोलताना ज्या चुका त्यांच्या लक्षात येत नाहीत त्यांतल्या निम्म्याअधिक त्यांच्या त्याच सापडतात. 'शी वॉश' ऐकलं की मूल स्वतःच चुकचुकतं.

काही चुका मात्र घरून आलेल्या असतात, त्या मला सांगाव्या लागतात. स्पॅनिश बोलणारी मुलं प्रदूषणाला 'कंटॅमिनेशन' म्हणतात, कारण त्यांच्या भाषेतला शब्द तसा आहे. ती 'अ‍ॅक्च्युअली' म्हणाली की त्यांना 'सध्या' म्हणायचं असतं, आणि वादात यावरून गोंधळ होतो. आपली मुलं 'ऑलदो इट इज एक्स्पेन्सिव, बट...' म्हणतात. आपल्याला 'जरी' म्हटलं की 'तरी' हवंच असतं, इंग्रजीला एकच पुरतं. मी हे मराठी मुलांना 'जरी-तरी' सांगून समजावते, दोन मिनिटांत उमगतं. व्याकरणाच्या पुस्तकातून हेच सांगायला एक धडा लागला असता.

आणखी एक गोष्ट टेपमुळे कळते, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. अडखळलेल्या मुलाला विचारलं की तू किती वेळ गप्प होतास, तर ते म्हणतं, 'वन मिनिट!' घड्याळ लावून टेप ऐकली की निघतात चार सेकंद. आपण जगासमोर उघडे पडलो असं त्याला वाटलेलं असतं, ते चार सेकंद. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक होत्या. त्यांनी वर्गांच्या टेप ऐकून दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात. हे १९७०च्या दशकातलं काम. दुसऱ्या भाषेत विचार करणाऱ्या मुलाला तर याहून जास्त लागतात. त्या मुलीला अकरा लागले. कुठल्याही साध्या तासाला त्या अकरा सेकंदांत दुसऱ्या कुणाचा तरी हात वर झाला असता आणि आजीची दोरी कुणी ऐकलीच नसती. आपण घरीही हेच करतो बरं का. 'आज शाळेत काय झालं?' विचारतो आणि मुलाने 'अं' म्हणायच्या आत 'डबा संपवलास का?'

तिने टेप ऐकली आणि माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, "मॅडम, शेवटचं पुसता येईल का? सुरुवातीचं राहू दे." सुरुवातीचं म्हणजे मदर अर्थ. शेवटच्या भागात अकरा सेकंदांची शांतता आणि सात चुका होत्या. मी काही बोलले नाही. तिच्या गटातल्या तिघांना सांगितलं, की काल ही काय म्हणाली ते आठवून लिहा, टेप न ऐकता. तिघांच्याही कागदावर पिशव्यांची पिशवी होती, दोघांच्या कागदावर आजी होती. मदर अर्थ एकाच्याही नव्हती. तिने ते तीन कागद घरी नेऊ का विचारलं, नेले.

आठवड्याने तोच वाद पुन्हा होतो, बाजू बदलून. पुन्हा तेच करण्यात काय अर्थ, असं पालक विचारतात. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. तीच गोष्ट आधी चार मिनिटांत सांगायची, मग दुसऱ्या श्रोत्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन. काय सांगायचं हे डोक्यात पक्कं असलं की मन कसं सांगायचं याकडे वळतं. आमच्या दुसऱ्या फेरीत तेच होतं. पहिल्या टेपवर 'अँड... अँड... अँड' अशी माळ असते. दुसऱ्यावर 'इव्हन इफ' येतं, 'अनलेस' येतं. त्या मुलीने दुसऱ्या फेरीत आजीला कायद्याच्या विरुद्ध उभं केलं आणि चांगलं उभं केलं.

सगळे विषय इतके घरगुती नसतात. २०२२-२३च्या हिवाळ्यात न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर मेलेले देवमासे वाहून येत होते, तुम्हाला आठवत असेल. समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या सर्वेक्षणामुळे ते मरतात, असं पुष्कळ लोक म्हणू लागले. समुद्राचं काम पाहणाऱ्या नोआ या सरकारी संस्थेचं म्हणणं होतं की तसा कोणताही पुरावा नाही, हंपबॅक देवमाशांचे मृत्यू जानेवारी २०१६ पासूनच वाढलेले आहेत, आणि तपासलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांवर जहाजाची धडक किंवा जाळ्यात अडकल्याच्या खुणा आहेत. यावरच्या वादात हैतीच्या एका मुलीने म्हटलं, 'नो एव्हिडन्स मीन्स इट इज सेफ.' समोरचा इजिप्तचा मुलगा एरवी तोंडातून शब्द न काढणारा. तो म्हणाला, 'नो. नो एव्हिडन्स मीन्स नो एव्हिडन्स.' मी त्या एका वाक्यावर पूर्ण तास घेतला. पुरावा नसणं आणि नसल्याचा पुरावा असणं यांतला फरक, 'मे', 'माइट', 'इज लाइकली टू' हे सगळं त्यात आलं. आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर २०२३ला डॅनिश कंपनी ऑर्स्टेडने वाढते खर्च आणि व्याजदर अशी कारणं देऊन ओशन विंडचे दोन्ही प्रकल्प रद्द केले. पहिल्या प्रकल्पातून १,१०० मेगावॅट वीज यायची होती. आमची दुसरी फेरी त्यानंतर होती. एका रात्रीत 'विल बी बिल्ट'चं 'वुड हॅव बीन बिल्ट' झालं. इंग्रजीतली ही जी 'झालं असतं तर' क्रियापदं आहेत, ती मी इतकी वर्षं शिकवते, पण मुलांना त्यांची गरज पडलेली मी तेव्हा पाहिली.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. मुलाचा आवाज रेकॉर्ड करणं ही साधी गोष्ट नाही. आम्ही पालकांची लेखी परवानगी त्यांच्या भाषेत घेतो, चित्रीकरण करत नाही, टेपवर आडनाव घेत नाही आणि जूनमध्ये सगळं पुसून टाकतो. पूर्वी पालक न वाचता सही करायचे. जानेवारी २०२५ मध्ये शाळा, चर्च, इस्पितळं अशा ठिकाणी धरपकड टाळण्याचं जुनं सरकारी धोरण मागे घेतलं गेलं. तेव्हापासून पहिला प्रश्न येतो, 'हे कोण ऐकणार?' मुलाच्या कागदपत्रांवरून त्याला शाळा नाकारता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८२चा निकाल आहे, पण आईच्या पोटातली भीती निकालाने जात नाही. गेल्या वर्षी तीन घरांनी नकार दिला. त्या मुलांचा गट रेकॉर्डरशिवाय बसवला, एक मूल कान देऊन हाताने टिपणं काढायचं. काम कमी होतं, पण होतं. आणि विषय देताना मी जपते. वादळाबद्दल बोला, पण तुम्ही तिथून इथे कसे आलात हे टेपवर सांगू नका, असं पहिल्याच दिवशी सांगते.

एक तरुण पालक मला म्हणाले, "इतका उपद्व्याप कशाला? फोनवर टाका, फोन सगळं लिहून देतो." देतो खरा. पण बरेचदा तो 'अं' गाळतो, अर्धं वाक्य पूर्ण करतो, 'शी वॉश'चं 'शी वॉशेस' करून ठेवतो. हैतीच्या मुलीचे उच्चार त्याला कळले नाहीत की भलताच शब्द घालतो. शिवाय आवाज कुठे तरी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जातो, आणि मी आत्ताच सांगितलं की पालक काय विचारतात. मला पाऊण तासाचं ते हाताने उतरवणंच हवं आहे.

आता मागणं. दुसऱ्या फेरीला आम्हाला श्रोते लागतात. मुलं एकमेकांना ऐकून कंटाळतात, अनोळखी मोठं माणूस समोर असलं की नेटाने बोलतात. शाळेच्या नियमाप्रमाणे आधी नाव नोंदवून तपासणी करून घ्यावी लागते, त्याला साधारण महिना लागतो, म्हणून आत्ताच सांगते. भारतातून आलेल्या आईवडिलांना विचारा, त्यांना दुपारी वेळ असतो. त्यांचं इंग्रजी कसं आहे याची काळजी नको, माझ्या वर्गात ते अडचणीचं ठरणार नाही. काम एवढंच, की बारा मिनिटं ऐकायचं, शेवटी दोन्ही बाजूंना एकेक प्रश्न विचारायचा, आणि प्रश्न विचारल्यावर मनात बारापर्यंत मोजायचं. मधे 'हं, बोल, बोल' म्हणायचं नाही. आपल्या लोकांना हे जमायला सराव लागेल. कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, नाव आणि कोणते वार जमतील ते लिहा. चहाला अजून दहा मिनिटं आहेत, कुणाला काही उलट विचारायचं असेल तर विचारा.